ज्या नावावर कुणीच बसलं नव्हतं

उसाला तुरे आले की माझी मान आपोआप ताठ होते. भीतीनं हो, दुसरं काही नाही. चालताना मागं वळून बघायची सवय लागते. अंगणात साधी वाटी पडली तरी काळीज लक्कन हलतं. राजुरीच्या अलीकडं आमचा मळा. तिन्ही बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला रस्ता. बाहेरून येणारा म्हणतो, काय हिरवंगार, काय शांत! शांत आहेच, बाई. पण उसाची शांतता वेगळी असते. आपण तिच्याकडं कान लावतो आणि वाटतं, तिनंच आपल्याकडं कान लावलाय.

यंदाही तुरे आलेत. संध्याकाळचं ऊन त्यांच्यावर पडलं की सगळं शिवार चांदीचा मुलामा दिल्यासारखं होतं. दिसायला लई सुंदर. आणि मी त्या सुंदर वेळी दाराची कडी चाचपत असते. आता तोडणी सुरू होईल. एकेक फड मोकळा होईल आणि फडात जे राहत होतं ते शेजारच्या फडात सरकेल. असं सरकत सरकत ते आमच्या गोठ्याच्या भिंतीपर्यंत येतं.

ते म्हणजे कोण, हे जुन्नर-आंबेगावात तिसरीतल्या पोरालाही सांगावं लागत नाही. तुम्ही लांबचे असाल तर सांगते. ठिपक्यांचं, वाघाच्या जातीचं जनावर. उसात जन्मलेलं आणि उसालाच डोंगर समजणारं. त्याचं मराठी नाव मात्र मी इथंही लिहिणार नाही. माझं माहेर आंबेगावच्या पश्चिमेला, पार डोंगरात. भाताची खाचरं, उताराच्या वरकस जमिनीवर नाचणी. तिथं दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला गावाबाहेरच्या शेंदूर फासलेल्या दगडापुढं नारळ फोडायचा, खिरीचा निवद ठेवायचा, आणि दिवस कलल्यावर त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. माझी आई म्हणायची, "त्यो लई मानी हाय. नाव घेतलं का त्याला वाटतं, आपल्याला बोलावलं. आन बोलावल्यावर त्यो येतोच."

शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं वाचन किराणाच्या पुड्यांवर आणि नातवंडांच्या पुस्तकांवर झालं. पण एवढं वाचून, एवढा टीव्ही बघूनही आईचं ते वाक्य माझ्यातून गेलं नाही.

तर तो हंगाम, काही वर्षांमागचा. तुरे आले की मला तोच आठवतो. माझी सून अर्चना, हुशार पोर. नारायणगावात कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. तिनं मळ्यात दोन खोल्या बांधून घेतल्या. शहरातली माणसं मुक्कामाला येतील, चुलीवरचं खातील, दोन दिवस राहून जातील. खोल्यांना छान गेरूचा रंग दिला, पडवीला कुंड्या टांगल्या. आणि माणसं काही येईनात. खोल्या नुसत्या झाडायच्या आणि पुसायच्या. माझा मुलगा सुनील भाजीची पिकअप घेऊन मुंबईला जातो. तो घरी आला की त्या बंद दारांकडं बघायचा आणि काही बोलायचा नाही. त्याचं न बोलणं अर्चनाला जास्त लागायचं.

दुपारची जेवणं झाली की ती ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसायची. मी शेजारी पावट्याच्या शेंगा सोलत. थंडीतलं ते उबदार ऊन, हाताला लागणारा शेंगांचा हिरवा वास आणि तिची बोटं टकटक टकटक.

"आई, हे बघा. जुन्नरला राहायची सोय, असं कुणी शोधलं की आधी कोण दिसतं? मोठे रिसॉर्टवाले. आपण पार खाली. एवढं खाली कोण येणार बघायला?"

"मग वर सरकायचं."

"वर ढकलाढकली हाय. ते जाहिरातीला ओततात तेवढं आपल्याला जमणार न्हाई. त्यापेक्षा असा कीवर्ड शोधायचा, जो लोक शोधतात पण ज्यावर कुणी बसलेलं न्हाई. लो कॉम्पिटिशन म्हणतात त्याला."

मला ते लगेच कळलं. डोळ्यांपुढं नारायणगावचा बाजार आला. टोमॅटोच्या क्रेटच्या जिथं थप्प्या लागतात, तिथं आपली एक पाटी कुणाला दिसणार! पण एखादी बाई कोपऱ्यात एकटीच चंदनबटव्याच्या जुड्या घेऊन बसलेली असते. ज्याला चंदनबटवाच पाहिजे, तो अख्खा बाजार तुडवत तिच्यापाशी येतो. मी मान डोलावली. एखादा कोपरा मोकळा दिसला तर तो मोकळा का, हेही विचारावं, हे तेव्हा आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

मग आमचा खेळच सुरू झाला. मी शब्द सांगायचा, तिनं टाकायचा, आणि मशीन सांगणार की त्या शब्दावर गर्दी किती.

"चुलीवरची भाकरी?"

"जास्त."

"मासवडी?"

"मध्यम. पण तिथं हॉटेलवाले बसलेत."

"हुरडा?"

"आई, हुरड्यावर तर माणसं एकमेकांच्या मांडीवर बसलीत!"

"मग पावट्याची आमटी घाल."

"ती कुणी शोधतच न्हाई."

"कुणीच न्हाई? काय माणसं हायेत!" मला खरंच राग आला. सोललेल्या दाण्यांची परात मी जरा जोरातच खाली ठेवली.

असे कितीतरी दिवस गेले. द्राक्षाचा बाग, बैलगाडी, विहिरीतलं पोहणं, चांदणं. आमच्या जगण्यातला एकेक शब्द ती उचलायची, त्या तराजूत टाकायची आणि परत ठेवायची. मला कधी कधी कसंतरीच व्हायचं. चांदण्यावरसुद्धा कुणीतरी आधीच बसलेलं होतं!

आणि एका दुपारी तिनं न विचारता एक शब्द टाकला. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण तिचा चेहरा वाचता येतो. तिनं डोळे बारीक केले, स्क्रीन माझ्याकडं वळवली.

"आई, हे शोधणारे लोक लई हायेत. आन गर्दी बघा. कमी!"

"काय टाकलंस?"

तिनं सांगितलं. भर दुपारी, पण तरी माझा हात शेंगेवरच थांबला.

"त्याचं नाव नको गं. दुसरं बघ."

"नाव कुठं घेतेय? टाइप करतेय. त्येबी इंग्रजीत. त्याला काय इंग्रजी येतंय व्हय?"

ती हसली, मीही हसले. पोरीच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी उजेड आला होता. तिनं जाहिरातीत ओळ लिहिली, की आमच्या मळ्याच्या आसपास त्याचा वावर आहे, नशीब असेल तर दिसेल. खोटं त्यात काहीच नव्हतं. तेच तर वाईट.

यासीनभाई जुन्नरचे वायरमन. आमच्या घराला, गोठ्याला पहिल्यापासून वायरिंग त्यांचंच. त्याच आठवड्यात ते गोठ्यावर मोठा दिवा बसवायला आले होते. शिडीवरून त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मावशी, आख्खा तालुका त्याला पळवायला माझ्याकडून दिवे लावून घेतोय आन तुमची सून त्याच्या नावानं पाव्हणे बोलावतीय. उद्या त्याला कळलं तर म्हणंल, माझा वाटा कुठाय?"

"यासीनभाई, तुमी वायर जोडा," अर्चना लटक्या रागानं म्हणाली.

"जोडतो, ताई. तुमी पण जपून जोडा." हसता हसता त्यांनी एकदा उसाकडं पाहिलं, आणि कुणी सांगितलं नसताना खोल्यांच्या मागच्या बाजूलाही एक दिवा लावून गेले.

फोन वाजायला लागला. काय सांगू, अंगणात गाड्या मावेनात. पुण्याची माणसं, मुंबईची माणसं. चांगली असायची हो. वाकून पाया पडायची, 'आजी, आजी' करायची. पण चहाचा कप हातात घेतला की पहिला प्रश्न एकच. "आजी, लेपर्ड दिसतो का?" घराच्या भिंती कशानं सारवल्या, आमटीला फोडणी कशाची, कुणाला काही पडलेलं नसायचं. सगळ्यांचे डोळे माझ्या खांद्यावरून मागं, उसात.

दिवसभर मी ठीक असायची. ऊन उतरायला लागलं की पुन्हा पुन्हा दाराशी जायची. आमच्या घरात माणसं येत होती ती त्या नावानं. म्हणजे आम्ही रोज नाव घेत होतो. तोंड मिटून, पण रोज, हजार ठिकाणी. मी मनात म्हणायची, येऊ नको रे बाबा. तुला नाही बोलावलं.

त्याच हंगामात आमच्या भागातल्या काही बायका गळ्याला खिळ्यांचा पट्टा बांधून खुरपायला जायच्या. जनावर मानेला धरतं म्हणून. माझाही पट्टा दाराशेजारच्या खुंटीला असायचा. एका पाहुण्या बाईंनी तो काढून गळ्यात घातला, आरशात पाहिलं आणि फोटो काढला. दिसतही होत्या छान, खोटं कशाला बोलू. मग मला विचारलं, "आजी, हे इथलं ट्रॅडिशनल आहे का?" मी काय सांगणार? म्हटलं, "न्हाई बाई, नवीनच हाय." पट्टा परत खुंटीला लावताना खिळ्यात त्यांच्या केसाची एक बट अडकलेली दिसली. ती मी एकेक केस करून सोडवली.

आमच्याकडं एक रीत पडलीय. सांजेला रानात कुणी वाकत नाही, कुणी बसत नाही. चप्पल तुटली तरी तशीच ओढत नेतात. वाकलेलं माणूस त्याला आपल्याएवढं दिसतं. उभं माणूस दिसलं की ते बिचकतं, बसलेलं दिसलं की धावतं. म्हणून उभं राहायचं आणि बोलत राहायचं. एकटं असलं तर मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावायची. तेव्हापासून आमच्या पायवाटांवर दिवस मावळताना नाना तऱ्हेची गाणी चालत असतात. अभंग, लग्नातली गाणी, सिनेमातली. लांबून ऐकणाऱ्याला वाटावं, काय आनंदी गाव आहे!

हे सगळं पाहुण्यांना आम्ही सांगायचो. ते मान डोलवायचे. पण लहान लेकराच्या कानात ते कसं शिरावं?

तिचं नाव तनू. दुसरी-तिसरीतली असेल. दोन शेंड्या, पायात लाल बूट. तिचे वडील मोठा कॅमेरा घेऊन आले होते आणि गाडीतून येताना तिला सांगत आले होते, की तुला दाखवतो. संध्याकाळी आईवडील पडवीत चहा घेत होते, अर्चना भाकरी थापत होती. मी वाळत ठेवलेल्या कण्यांची पितळी परात आणायला घराच्या बाजूला गेले, आणि समोर बांधावर, उसापासून हातभर अंतरावर, मला ते लाल बूट दिसले.

ती उकिडवी बसली होती. मातीत उठलेल्या त्याच्या पावलाचा मोबाइलवर फोटो काढत होती.

मी होते तिथूनच ओरडले. "तनू! उभी राहा! बसू नको, उभी राहा!" ती दचकली आणि आणखीच आक्रसून खाली बसली. लेकरू ते. माझ्याच आवाजाला भ्यालं. वारा पडलेला होता. सगळा ऊस जागच्या जागी होता आणि मधली एकच ओळ हलत होती. वरचे तुरे एकापाठोपाठ एक डुलत होते, तिच्या दिशेनं.

मी धावले नाही. धावायचं नसतं. हातातली पितळी परात दगडावर आपटत, तोंडाला येईल ते बरळत चालत गेले. काय बोलले ते आठवत नाही. शिव्या असतील, देवाचं नाव असेल. पोरीच्या दंडाला धरून तिला उभी केली, मागं घातली. तुरे थांबले. किती वेळ थांबले ते सांगता यायचं नाही. मग ती हालचाल वळली आणि लांब, लांब जात मिटून गेली.

काही दिसलं नाही मला. ठिपकासुद्धा नाही. लोक विचारतात, आजी, तुम्ही पाहिला का? नाही पाहिला. फक्त ऊस हललेला पाहिला. पण आजही मिटल्या डोळ्यांपुढं ते एकामागून एक डुलणारे तुरे येतात.

तिचे वडील पळत आले. गळ्यात कॅमेरा. "कुठंय? कुठल्या बाजूला?" त्यांनी उसाकडं बघत विचारलं, पोरीकडं पाहिलं ते नंतर. तिच्या आईनं मात्र लेकीला उचललं, गाडीत जाऊन बसली आणि काच वर केली.

त्या संध्याकाळी अर्चनानं पिठाच्या हातांनीच लॅपटॉप उघडला. कुठंतरी एक बटण दाबलं. "बंद केली, आई. जाहिरात बंद केली." तव्यावरची भाकरी करपून काळी झाली होती आणि आम्हा दोघींना वास आला नव्हता.

मला वाटलं, संपलं. पण आलेल्या पाहुण्यांनी जाताना चांगलं चांगलं लिहून ठेवलं होतं ना! इथं रात्रीचे आवाज येतात, इथं ठसे दिसतात, इथं नक्की जा. ते अर्चनाला पुसता येईना. आधी आम्ही त्या नावावर जाऊन बसलो होतो, आता ते नाव आमच्यावर येऊन बसलं. जाहिरात नसतानाही फोन यायचे. "लेपर्डवालं घर तेच ना?" मी म्हणायची, "रॉंग नंबर."

खोल्या अजून आहेत. कधी भरतात, कधी नाही. आलेल्या माणसांना आम्ही ऊन आहे तोवर आत घेतो, आणि पोरांना मी गोष्टी सांगत चुलीपाशी अडकवून ठेवते.

यंदा तुरे यायला लागले तशी अर्चना पुन्हा दुपारची लॅपटॉप घेऊन बसली. चांगलं दुसरं काहीतरी लिहिलं तर आधीचं खाली जाईल, म्हणाली. त्यासाठी ती तेच नाव मराठीतून टाकायला लागली. मी तोंड फिरवलं. तेवढ्यात ती म्हणाली, "आई, इकडं बघा जरा." आपण नुसतं नाव लिहिलं की लोकांनी त्यापुढं काय काय विचारलंय, ते मशीन आपणहून दाखवतं. मराठी होतं. मला वाचता आलं.

दारात आला तर काय करावं. उसात पिल्लं दिसली, कुणाला कळवावं. मुलांना शाळेत कसं पाठवावं. तो गेला हे कसं ओळखावं.

शेजारी सगळीकडं एकच शब्द होता. कमी. कमी. कमी.

"ह्यावर कुणीच बसलं न्हाई?" मी विचारलं.

"कोण बसंल? भ्यालेल्या माणसाला विकणार काय?"

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. ही तर आमचीच माणसं! चारचौघांत त्याचं नाव न घेणारी. पारावर 'काय न्हाय व्हत, राव' म्हणून छाती काढणारी. दार लावून, अंगठ्यानं एकेक अक्षर दाबत, एका मशीनला विचारत होती. आणि मशीनपाशी त्यांना द्यायला काही नव्हतं. लांबच्या जंगलांची चित्रं आणि राहायच्या जागा. त्यात आमचीही.

त्यानंतर आमचा आठवडा त्यातच गेला. अर्चनानं फॉरेस्टमधल्या एका ताईंना घरी बोलावलं, नीट विचारून घेतलं. काय करायचं, काय नाही करायचं, पोरांना मधी ठेवून कसं चालायचं, फोन कुणाला लावायचा. सोप्या मराठीत एक पान लिहिलं आणि त्या प्रश्नांवर नेऊन ठेवलं. खोल्यांचा एक शब्द त्यात घातला नाही. खाली आमचा नंबर तेवढा राहू दिला. मी म्हणाले, त्याचं नाव किती वेळा आलंय गं त्यात! ती म्हणाली, "येऊ द्या, आई. त्याशिवाय माणसांना सापडणार कसं?" पण वाघबारस होऊन गेली असूनही मी घरातल्या देवापुढं वाटीभर खीर ठेवली. भीती कुठं जाते का?

परवा दिवस कलताना फोन वाजला. मला वाटलं, लेपर्डवाले. उचलायचा नाही म्हणता म्हणता उचलला. बाईमाणसाचा आवाज. डिंगोऱ्याकडची होती, मळ्यात राहणारी.

"ते पान तुमचंच का वो? माझी दोन पोरं शाळेतनं यायचीत. फाट्यावर उतरली आसतील. मधी सगळा ऊस हाय. आमचं मालक गावाला गेल्यात. मला उंबऱ्याभायेर पाय टाकवंना."

तिचे दात वाजत होते. थंडी एवढी नव्हती.

"काठी घे," मी म्हणाले. "घेतलीस? आता फोनचा आवाज मोठा कर, सगळा मोठा. आन चाल. मी बोलते."

"काय बोलनार?"

"काय बी. तुला काय करायचंय? तू चाल."

आणि मी बोलायला लागले. आमच्या माहेरच्या म्हशीचं सांगितलं, जी धाकट्या काकूंनी तिच्यासारखं काळं लुगडं नेसल्याशिवाय दूध देत नसे. काकूंना नवं हिरवं लुगडं आलं आणि घरात चार दिवस चहा कोरा झाला. माझा आवाज घर फोडून बाहेर जात होता. अर्चना दारात येऊन उभी राहिली. फोनमधून मला चपलांचा आवाज येत होता, मोठमोठे श्वास येत होते, आणि त्या दोन्हींच्या मागं उसाची पाती, सळसळ सळसळ.

मग चपला थांबल्या.

"काय झालं गं?"

नुसती सळसळ. पण मी थांबले नाही. आणखी मोठ्यानं ओरडून ओरडून म्हैस, काकू, लुगडं, जे पुढं येईल ते. घशातून रक्त येईल असं वाटलं. समोर माझ्याही दारात ऊस उभा होता, त्याच्याकडं बघतच मी बोलत होते.

आणि त्या सळसळीतून एक बारीक, वैतागलेला आवाज आला.

"आये, ह्यी कोण बाई वरडतीय एवढी?"

पलीकडं ती बाई रडली की हसली, मला कळलं नाही. मग म्हणाली, "बोलू दे तिला. घरापत्तूर बोलू दे."

परतीची वाट अजून होती. मी पदरानं तोंड पुसलं आणि पुढं सुरू केलं.